गॅरंटीकाकांचा फ्रिज

डॉक्टरांनी काकूंना दोन गोष्टी सांगितल्या. जेवणानंतर गोळी घ्या, आणि वाकू नका. गोळीचं काही अवघड नव्हतं. वाकण्याचं मात्र फ्रिजला विचारावं लागणार होतं, कारण त्याचा भाजीचा कप्पा जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर होता आणि काकूंना दिवसातून चौदा वेळा तिथं जावं लागे. हा आकडा त्यांनी हवेत काढला नव्हता. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं रेघा ओढून तो मोजला होता.

फ्रिज एकतीस वर्षांचा होता. एका दाराचा, फिकट पिस्ता रंगाचा, आणि आवाजाचा. सुरू होताना तो घसा खाकरे आणि बंद होताना असा हादरे की शेजारच्या फळीवरचे पेले एकमेकांवर आपटत. घरातली माणसं बोलता बोलता तेवढ्यापुरती थांबत आणि मग वाक्य पुढे नेत. नव्या पाहुण्याला हे ठाऊक नसे. त्याला वाटे, ही मंडळी फार विचार करून बोलतात. मध्यंतरी वाकायला लागू नये म्हणून फ्रिजखाली एक लोखंडी स्टँड आणून पाहिला होता, पण फ्रिज तासाभरात थरथरत त्याच्या कडेला आला आणि खाली उतरण्याच्या बेतात दिसला. स्टँड परत गेला.

"आई, बाबांना सरळ सांग ना, नवा घेऊ या म्हणून," मुलगी फोनवर म्हणाली.

"कसं सांगू? त्यांचा जीव आहे त्या फ्रिजमध्ये."

"आणि तुझी पाठ?"

"पाठीचं कुणी मीटिंगमध्ये लिहून घेतलेलं नाही," काकू म्हणाल्या.

या मीटिंगचं असं झालं होतं. काका एका कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. यंत्र आपणहून बिघडत नाही, माणूस त्याला बिघडवतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ऐकल्याशिवाय इमारतीतल्या कुणालाही जिना उतरता येत नसे. कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कपाट घ्यायचं असो, लोक काकांना दुकानात घेऊन जात. काका मिक्सर उलटा करून त्याची बैठक बघत, कपाटाचं दार वीस वेळा उघडझाप करत, आणि खुर्ची असेल तर आधी विक्रेत्याला तीवर बसायला लावत. त्यावरून त्यांचं नाव गॅरंटीकाका पडलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडत असे. गेल्या वर्षीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नऊ वर्षांतला तिसरा फ्रिज घेतल्याचं कळलं, तेव्हा विषय पाण्याच्या टाकीचा चालू असतानाही काका उभे राहिले. "आमचा फ्रिज माझ्यानंतर जाईल," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं.

आता असं बोलून बसलेल्या माणसाला, अहो माझी पाठ दुखते, तो फ्रिज काढा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? काकूंनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी ठरवलं की फ्रिजनं आपल्या मरणानं मरावं. फक्त जरा लवकर मरावं.

फ्रिज कशानं मरतो हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. काय केलं म्हणजे फ्रिज खराब होतो हे त्या एकतीस वर्षं रोज ऐकत आल्या होत्या. आतलं गोल बटण तीनच्या पुढे न्यायचं नाही. गरम भांडं आत ठेवायचं नाही. सकाळी सहाला काका फिरायला बाहेर पडले की काकू बटण सातवर नेऊ लागल्या आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मधल्या जाळीवर ठेवू लागल्या. पहिल्या दिवशी फ्रिज एवढ्या जोरात घरघरला की त्यांना खरंच वाईट वाटलं. मुलगी तीन महिन्यांची असताना तिचं औषध याच दारात ठेवलेलं असे. पण मग खाली वाकून कोबी काढताना पाठीतून जी कळ गेली, तिनं ते वाईट वाटणं तिथल्या तिथं संपवलं.

इथं वाचकांना काकांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती काकूंना माहीत नव्हती. काकांना त्या फ्रिजचा कंटाळा आला होता. साधा नाही, पोटातून कंटाळा आला होता. दर रविवारी सकाळी तो भिंतीपासून पुढे ओढायचा, मागं शिरून पोटावर पालथं पडायचं आणि टूथब्रशनं मागच्या काळ्या जाळीच्या खालच्या नळ्या साफ करायच्या, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे शोभून दिसतं. एकोणसत्तराव्या वर्षी माणूस पालथा पडू शकतो, उठायचं काय हा प्रश्न असतो. पण इमारतीला तोंड कसं दाखवायचं? शिवाय काकूंचा त्या फ्रिजवर फार जीव आहे, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा तेही याच निष्कर्षाला आले होते की फ्रिजनं आपल्या मरणानं मरावं.

काकू दुपारी दोन ते चार वाचनालयात बसत. ती वेळ काकांनी धरली. चालू फ्रिज बंद करून लगेच सुरू केला की कॉम्प्रेसरला धक्का बसतो, आणि असे दहा-बारा धक्के म्हणजे खेळ खलास, हे त्यांना कारखान्यात शिकवलेलं होतं. पहिल्या दुपारी त्यांनी खटका बंद केला. आता लगेच सुरू करायचा. पण हात उठेना. जन्मभर ज्या हातानं यंत्रं सांभाळली, तो हात अशा कामाला तयार नव्हता. थोड्या वेळानं करू, असं म्हणत काका खुर्चीत बसले ते चार वाजेपर्यंत बसले, आणि काकूंची चप्पल जिन्यात वाजली तेव्हा त्यांनी खटका सुरू केला. दुसऱ्या दिवशीही तेच. हात धजत नाही म्हटल्यावर त्यांनी निदान एवढं केलं की आतलं बटण फिरवून एकवर आणलं. दूध नासेल, काकू तक्रार करतील, आणि फ्रिज म्हातारा झाला म्हणून दोघं मिळून मान्य करतील, असा त्यांचा हिशेब होता.

हे बटण रोज सकाळी सातवर जाई आणि रोज दुपारी एकवर येई. ते दोघांनाही दिसत होतं. काकांना वाटलं, बिचारी सातवर नेते, म्हणजे गारवा कमी पडायला लागला, शेवट जवळ आला. काकूंना वाटलं, हे एकवर आणून ठेवतात, म्हणजे यंत्राला विश्रांती देतात. फ्रिजसाठी एवढा विचार करणाऱ्या माणसानं बायकोच्या पाठीवर साधं मलम चोळलं नव्हतं, हे त्यांच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

"आज दूध जरा कोमट वाटतंय का गं?" काकांनी आशेनं विचारलं.

"छे, चांगलं गार आहे," काकू निराशेनं म्हणाल्या.

असे दोन आठवडे गेले. फ्रिजचं काहीही बिघडलं नाही. उलट त्याचा खाकरण्याचा आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटू लागला.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, सोसायटीचे चेअरमन वर आले. त्यांना स्वतःला कुठलीही गोष्ट करायची नसे, पण दुसऱ्याकडून करवून घेण्याची हौस दांडगी होती.

"काका, या रविवारी अकरा वाजता तुमचं भाषण ठेवलंय," ते म्हणाले. "टिकाऊ वस्तूंची निवड आणि निगा. भाषण तुमच्याच घरी. म्हणजे फ्रिजही बघता येईल लोकांना."

"माझ्या घरी? स्वयंपाकघरात?"

"तीस-पस्तीस जण असतील. उभे राहतील, त्याचं काही नाही."

काकांच्या तोंडाचं पाणी पळालं. रविवारी पस्तीस माणसांसमोर फ्रिजच्या खांद्यावर हात ठेवून भाषण केलं, की त्यानंतर किमान दहा वर्षं जाळी घासणं आलं. काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनीही मनात दहा वर्षांच्या दिवसांना चौदानं गुणून पाहिलं आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. काय व्हायचं ते रविवारच्या आत व्हायला हवं होतं.

रविवारच्या भाषणाआधी मागच्या जाळीला हातही लावायचा नाही असं काकांनी गुरुवारी ठरवलं. आठवड्याची धूळ बसू दे, यंत्र तापू दे. काकूंनी त्याच गुरुवारी माळ्यावरून तारेचा ब्रश काढला, त्याला लांब दांडा बांधला आणि नळीला एखादं भोक पडलं तर पडावं म्हणून जाळी उभ्या-आडव्या हातानं खरवडली. शुक्रवारी त्यांना आठवलं की रबराला तेलकट काही लावायचं नाही, ते कुजतं, असं काका नेहमी सांगतात. खायचं तेल वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी काकांचं टाचांना लावायचं मलम घेतलं आणि दाराच्या रबराला चारही बाजूंनी चोपडलं. शुक्रवारी आणि शनिवारी काकू वाचनालयातून परस्पर बाजारात गेल्या, तेव्हा काकांनी फ्रिज दोनऐवजी चार तास बंद ठेवला. हात अजूनही लगेच सुरू करायला धजत नव्हता.

शनिवारी दुपारी काकांनी गच्चीत जाऊन हळू आवाजात फ्रिजच्या मिस्त्रींना फोन केला. हे मिस्त्री पहिल्यापासून त्यांच्याकडे येत होते आणि त्यांच्या तोंडून खोटं निघत नाही असा त्यांचा लौकिक होता.

"उद्या येऊन एकदा तपासून घ्या," काका म्हणाले. "आणि काही वाईट असेल तर सगळ्यांसमोर सांगा. माझ्यासाठी लपवू नका. मी मन घट्ट केलंय."

"वहिनींचाही फोन आला होता मघाशी," मिस्त्री म्हणाले. "त्याही हेच म्हणाल्या."

काकांचे डोळे भरून आले. किती जीव लावलाय हिनं त्या फ्रिजला, असं त्यांना वाटलं आणि आपण करतोय त्याची लाज वाटली. तरी फोन ठेवताना ते पुन्हा म्हणाले, "अकरा वाजता. विसरू नका."

रविवारी स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत आणि जिन्यापर्यंत माणसं उभी होती. खालच्या वहिनी वही-पेन घेऊन सगळ्यांत पुढे होत्या. त्यांचा फ्रिज सहा महिन्यांपूर्वीच नवा आला होता आणि तो तरी टिकावा अशी त्यांची इच्छा होती. काकांनी भाषणाला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत संपवली. "माझ्यापेक्षा जाणकार माणूस आलाय, त्यालाच बोलू द्या," असं म्हणून ते बाजूला झाले. हा काकांचा विनय लोकांना नवा होता.

मिस्त्रींनी फ्रिज पुढे ओढला. मागं विजेरी मारली. दार उघडलं, रबर चिमटीत धरून पाहिलं, बर्फाच्या कप्प्यात हात घातला, बटण बघितलं, मधल्या जाळीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी फडक्यानं एकेक बोट सावकाश पुसलं. काकांनी मान खाली घातली. काकूंनी पदर हातात धरला. दोघांच्याही मनात एकच प्रार्थना होती.

"चाळीस वर्षं या धंद्यात आहे," मिस्त्री म्हणाले. "असा ठेवलेला फ्रिज बघितला नाही."

लोक पुढे सरकले.

"ही मागची जाळी बघा. धुळीचा कण नाही. तारेच्या ब्रशनं घासलीय. लोक फडकं फिरवतात, त्यानं धूळ आत जाते. हे कोणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

काकांनी मान वर केली.

"रबराला मलम लावलंय. तेल नाही, मलम. तेलानं रबर फुगतं, यानं मऊ राहतं. आता बर्फ. एवढ्या जुन्या फ्रिजमध्ये वीतभर बर्फ साचतो आणि तिथंच तो मरतो. इथं बोटभर नाही. म्हणजे रोज दोन-तीन तास बंद ठेवताय. बरोबर?"

खालच्या वहिनी वहीत अजून मलमच लिहीत होत्या.

"मी ठेवतो," काका म्हणाले. "दुपारी."

आता काकूंनी मान वर केली.

"आणि सकाळी सातवर ठेवून आत गरम पातेलं ठेवता. आतल्या जाळीवर पातेल्याचा गोल उमटलाय. म्हणजे राहिलेला बर्फ सुटतो, आणि मशीन एकदा दमून पळतं. सकाळी पळवायचं, दुपारी झोपवायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही." मिस्त्रींनी दार हळूच लावलं. "नवराबायको दोघांनी मिळून सांभाळलाय म्हणून हे झालं. एकट्याचं काम नव्हे. अजून दहा वर्षं याला काही होत नाही."

टाळ्या वाजल्या. खालच्या वहिनी भराभर लिहून घेत होत्या आणि सात की सहा, असं शेजारणीला विचारत होत्या. चेअरमननी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

बटण सातवर नेऊन आत गरम पातेलं ठेवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि फ्रिजचा खटका उगाच बंद-चालू करणं म्हणजे काय, हे काकूंना एकतीस वर्षं ऐकून पाठ झालं होतं. माणसं जाईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

शेवटचा पाहुणा गेल्यावर काकांनी दार लावलं.

"गरम पातेलं?" ते म्हणाले.

"तुम्ही बंद करत होतात?"

"मला वाटलं तुझा जीव आहे त्यात. पंचवीस वर्षांपूर्वी तूच म्हणाली होतीस, हा कधी विकायचा नाही."

"तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आणि तुमच्या आई समोर बसल्या होत्या. आता त्या कप्प्यापाशी वाकून वाकून माझी पाठ गेलीय."

काकांनी खुर्ची ओढली. "मग पाठीचं बोलली का नाहीस इतके दिवस?"

"काय बोलणार? मागच्या हिवाळ्यात तुम्ही चाळीस मिनिटं त्याच्यामागं पालथे पडून त्याचा आवाज ऐकत होतात. मी विचारलं तर म्हणालात, कॉम्प्रेसर ऐकतोय. अशा माणसाशी काय बोलायचं?"

"ऐकत नव्हतो," काका म्हणाले. "अडकलो होतो."

काकूंना हसू येणार होतं, पण त्याऐवजी भरून आलं. त्या चाळीस मिनिटांत त्या तीनदा स्वयंपाकघरात येऊन गेल्या होत्या आणि काकांना त्रास नको म्हणून आवाज न करता परत गेल्या होत्या. "हाक मारायची ना," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "तू तरी कुठं मारलीस."

पण प्रश्न सुटला नव्हता. पस्तीस साक्षीदार होते, इतिवृत्त होतं, आणि मिस्त्रींनी दिलेली दहा वर्षं होती. धडधाकट फ्रिज टाकून कसा द्यायचा? शेवटी त्यांनी ठरवलं की आता त्याला मारायचंही नाही आणि जपायचंही नाही. बटण तीनवर ठेवायचं, खटक्याला हात लावायचा नाही, जाळीकडे बघायचं नाही. चार घरांत असतो तसा असू दे. खाली वाकायचं काम काकांनी अर्धं वाटून घेतलं, म्हणजे दिवसाला सात वेळा काका कळवळत आणि सात वेळा काकू.

नवव्या दिवशी सकाळी फ्रिज बंद पडला. मिस्त्री आले, बघून उठले.

"काय केलंत याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

"मग दुसरं काय होणार?" मिस्त्री म्हणाले आणि फी न घेता गेले.

संध्याकाळी चेअरमन भेटायला आले आणि मान खाली घालून बसले. त्यांच्याकडून कळलं की खालच्या वहिनींचा नवा फ्रिज सकाळी सातवर ठेवून आणि गरम पातेलं घालून चौथ्या दिवशी गेला. त्यांना दुपारी झोपवण्याचा भाग लिहून घ्यायला सुचलं नव्हतं. सभेतल्या 'माझ्यानंतर जाईल' या वाक्याचा विषय कुणी काढला नाही. दुःखाच्या घरी लोक तेवढं सांभाळतात.

दुसऱ्या दिवशी काका-काकू दुकानात गेले. काकूंनी एकेका फ्रिजचं दार उघडून पाहिलं आणि सातव्या फ्रिजपाशी थांबल्या. त्याचा भाजीचा कप्पा त्यांच्या कमरेच्या उंचीवर होता. त्यांनी सरळ उभं राहून तो ओढला, आत हात घातला, परत लावला, पुन्हा ओढला. तिथं भाजी नव्हती, तरी त्या हलेनात. काकांनी सवयीनं फ्रिजच्या कडेवर टकटक करायला बोट उचललं होतं, ते त्यांनी खिशात घातलं.

"चांगला माल आहे," विक्रेता म्हणाला. "कॉम्प्रेसरला दहा वर्षांची गॅरंटी. आणि नीट सांभाळलात तर पंचवीस-तीस वर्षं याच्याकडे बघायला नको."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"आणि नाही सांभाळला तर?" काकूंनी विचारलं.

विक्रेत्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो मालकांना विचारायला आत गेला, आणि ती दोघं तिथल्या बाकावर शेजारी शेजारी बसून उत्तराची वाट पाहू लागली.